रुई कोणाची, सरकी कोणाची?

(कापूस उत्पादक शेतकरी आणि जिनिंग कामगार यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कापसाच्या प्रश्नावर आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, भावाचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. शेतकऱ्याचे शेत आपल्याला ठाऊक असते आणि शहरातली कापडगिरणीही ठाऊक असते. या दोहोंच्या मध्ये पत्र्याचे एक छप्पर उभे आहे, तिकडे मात्र आपली नजर सहसा जात नाही. गावाबाहेरच्या त्या जिनात कापसाची गाडी आत जाते ती एक वस्तू म्हणून, आणि बाहेर पडते ती दोन वस्तू होऊन. एका दाराने रुईची गाठ निघते, दुसऱ्या दाराने सरकीचे पोते. शेतकऱ्याला किंमत मिळते ती आत गेलेल्या एका वस्तूची. बाजार चालतो तो बाहेर आलेल्या दोन वस्तूंवर.

हे रूपांतर कसे घडते, हा आजचा विषय आहे. विषय यंत्राचा आहे, तेव्हा तो अभियंत्यांवर सोपवावा, असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जे यंत्र आपल्याला समजत नाही, त्या यंत्रापाशी मांडला जाणारा हिशेबही आपल्याला समजत नाही. आणि जो हिशेब समजत नाही त्याच्यावर लढा उभा राहत नाही.

तंतू आणि बी यांचे नाते

कापसाचा तंतू हा सरकीच्या सालीवर उगवलेला केस आहे. एकेक तंतू म्हणजे एकच लांबलेली पेशी. फूल उमलण्याच्या सुमारास ती सालीच्या बाहेर डोकावते आणि बोंड पक्व होईपर्यंत वाढत राहते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. लांब तंतूंच्या खाली बहुतेक जातींत आखूड, दाट लव असते. ती सरकी काढल्यावरही बियाला चिकटून राहते. निसर्गाने हे वस्त्र माणसासाठी विणलेले नाही. ते बियाचे पांघरूण आहे. माणसाला बियाचे पांघरूण हवे असते, म्हणून त्याला ते ओढून काढावे लागते.

या कामात निसर्गाने एकच सवलत ठेवलेली आहे. तंतू त्याच्या मधल्या भागात जितका बळकट असतो तितका तो सालीशी जखडलेला नसतो. म्हणून तो योग्य रीतीने ओढला तर मुळाशी सुटतो, मध्ये तुटत नाही. सरकी काढण्याची सारी विद्या या ‘योग्य रीतीने’ शब्दांत आहे. फार जोराने, फार वेगाने किंवा फार कोरड्या अवस्थेत ओढला तर तंतू तुटतो आणि रुई आखूड होते. कापूस फार ओला असेल तर तो रुळाला गुंडाळतो आणि सरकी चिरडते. सहा ते आठ टक्के ओलावा असलेला कापूस यंत्रावर नीट चालतो, असा अनुभव आहे.

आता वजनाचा हिशेब पाहा. शंभर किलो कापसातून जातीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे साधारण तेहतीस ते छत्तीस किलो रुई निघते. बासष्ट-चौसष्ट किलो सरकी निघते. उरलेले दोन-तीन किलो माती, पाचोळा आणि घट यांत जातात. म्हणजे ज्याला आपण कापसाचे पीक म्हणतो, ते वजनाने पाहिले तर जवळजवळ दोन तृतीयांश तेलबियांचे पीक आहे. सरकीचे तेल खाण्यात येते, पेंड गुरांना जाते, आणि सरकीवरची लव वेगळी काढली तर कागदापासून रासायनिक उद्योगांपर्यंत तिला गिऱ्हाईक असते. शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र सरकीचा भाव क्वचितच येतो, कारण सरकी त्याच्या हातात कधी पडतच नाही.

हातापासून यंत्रापर्यंत

सरकी काढण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे सलाई-पटरी. एक पाट आणि त्यावर फिरवायची लोखंडी सळई. सळई कापसावरून पुढे लाटत नेली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत अशा प्रकारच्या कामाचे चित्रण असल्याचे काही अभ्यासकांनी दाखवले आहे. पुढे चरकी आली. तिच्यात एकमेकांलगत दोन रूळ असतात आणि ते उलट दिशांनी फिरतात. दोहोंच्या फटीतून तंतू ओढला जातो. सरकी फटीपेक्षा जाड असल्यामुळे ती अलीकडे गळून पडते. हे काम शतकानुशतके घरोघरी, मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी झाले. त्यात सरकी घरात राहत असे. त्यातली निवडक पुढच्या पेरणीसाठी, उरलेली गोठ्यातल्या जनावरांसाठी. रुई आणि सरकी वेगळी होत होती, पण दोहोंचा मालक एकच होता, हे ध्यानात ठेवा.

आज आपल्या जिनांतून जे यंत्र बहुतांशी दिसते ते या चरकीच्याच वंशातले आहे. अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये रूळ आणि पाते यांचा मेळ घालणारे यंत्र केले. त्यात सुधारणा होत होत आपल्याकडचे दुहेरी रुळाचे जिन तयार झाले. आपल्याकडचा कामगार त्याला रेचा म्हणतो. त्याची रचना समजून घेणे अवघड नाही.

लोखंडी दांड्यावर चामड्याच्या चकत्या एकीला एक लावून घट्ट दाबतात आणि त्यांचा रूळ बनवतात. रुळाच्या पृष्ठभागावर नागमोडी खाचा पाडलेल्या असतात. चामड्याचा स्पर्श तंतूला धरून ठेवतो. रुळाला टेकून एक पोलादी पाते घट्ट बसवलेले असते, ते स्थिर पाते. रूळ फिरू लागला की तंतू चामड्याला चिकटून स्थिर पात्याच्या धारेखाली ओढला जातो. सरकीला त्या धारेखालून वाट नसते, ती पात्यापाशी अडते. याच क्षणी तिसरा भाग काम करतो, तो म्हणजे हलते पाते. ते मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होऊन अडलेल्या सरकीला ठोका देते. एका बाजूने ओढ, दुसऱ्या बाजूने ठोका, असे काही वेळा झाले की तंतू मुळाशी सुटतो. नागडी झालेली सरकी खालच्या जाळीतून पडते आणि रुई रुळावरून पुढे निघून जाते. दुहेरी जिनात असे दोन रूळ समोरासमोर असतात आणि मधले हलते पाते दोहोंची सेवा करते.

या यंत्राचे मर्म रुळाची गती, ठोक्यांची संख्या आणि पात्यांमधील अंतर यांच्या मेळात आहे. रूळ जितका ओढतो त्या मानाने ठोके कमी पडले तर सरकीवर तंतू शिल्लक राहतात. पाती एकमेकांच्या फार जवळ बसवली तर सरकी फुटते आणि तिच्या सालीचे बारीक तुकडे रुईत मिसळतात. रूळ झिजला आणि वेळेवर खाचा पाडल्या नाहीत तर पकड सुटते. हंगामात जिनाच्या आवारात कापसाचे ढीग साचले की वेग वाढवण्याचा मोह होतो. त्या मोहाची किंमत रुईच्या प्रतीत मोजावी लागते. म्हणजे शेतातून आलेला तोच कापूस एका जिनात जास्त रुई देतो आणि दुसऱ्या जिनात कमी. यंत्रात राहिलेली कसूर शेतकऱ्याच्या मालाची कसूर म्हणून कशी खपवली जाते, हे समजण्याची किल्ली इथे आहे.

दुसरा वंश करवती जिनाचा. एली व्हिटनी याने १७९३ मध्ये अमेरिकेत बनवलेल्या यंत्रात तारेचे आकडे बसवलेला फिरता दंडगोल होता. आकडे लोखंडी पट्ट्यांच्या फटींतून आरपार जात, सरकीवरची रुई धरून पलीकडे ओढत आणि फटीतून न जाणारी सरकी अलीकडे ठेवत. ब्रशाचा रूळ आकड्यांवरची रुई झाडून घेई. १७९६ मध्ये हॉजेन होम्स याने आकड्यांऐवजी दातेरी चकत्या, म्हणजे करवती, वापरण्याचे स्वामित्व घेतले. पुढची सारी करवती यंत्रे त्या वाटेने गेली. करवत झपाट्याने काम करते. रूळ सावकाश काम करतो, पण तंतूची लांबी जपतो. अमेरिकेत कापूस यंत्राने वेचला जातो, त्यामुळे त्यात पाचोळा फार असतो. तिथे करवती जिन आणि त्याच्या पुढेमागे सफाईची अनेक यंत्रे लागतात. आपल्याकडे कापूस हाताने वेचला जातो. वेचणाऱ्या बाईची बोटे हेच आपले पहिले सफाईयंत्र आहे. त्या बोटांना मिळणारी किलोमागची मजुरी रुईच्या प्रतीत कुठेही मोजली जात नाही, हा या हिशेबातला पहिला अन्याय.

यंत्र आले आणि साखळ्या घट्ट झाल्या

यंत्र आले की कष्ट कमी होतात, अशी एक भाबडी समजूत आपल्यातही आहे. व्हिटनीच्या यंत्राचा इतिहास या समजुतीला कायमचे उत्तर देतो. लव असलेल्या सरकीच्या कापसातून एक माणूस दिवसभरात हाताने जेमतेम पौंडभर रुई काढी. व्हिटनीच्या यंत्राने तो पन्नास पौंड काढू लागला. सरकी काढण्याची अडचण दूर होताच कापूस लावणे आणि वेचणे यांची मागणी बेसुमार वाढली. ही कामे यंत्राची नव्हती, ती गुलामांची होती. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. लोकसंख्येची नैसर्गिक वाढ त्यात आहेच. पण ओसरेल असे वाटणारी गुलामगिरी दक्षिणेत नव्या भूमीवर पसरली, ती मुख्यतः कापसाच्या मळ्यांबरोबर पसरली. एका जागचे काम हलके झाले आणि त्याचा भार दुसऱ्या जागच्या पाठीवर पडला. ती पाठ कोणाची, हे यंत्राने ठरवले नाही; मालकीने ठरवले.

व्हिटनी आणि त्याचा भागीदार यांनी जो व्यवहार योजला होता तोही बोलका आहे. यंत्र विकायचे नाही, आपल्या जिनावर कापूस आणायला लावायचा आणि मोबदला म्हणून रुईतला दोन पंचमांश हिस्सा घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. मळेवाल्यांनी तो मानला नाही. यंत्र साधे होते. लोहारांनी त्याच्या नकला केल्या आणि स्वामित्वाचे खटले वर्षानुवर्षे चालले. मळेवाल्यांना आपला हिस्सा राखता आला, कारण यंत्र कसे बनते ते त्यांना समजत होते आणि ते बनवून घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती. ज्या गुलामांच्या हातांनी तो कापूस वेचला जात होता, त्यांचा मात्र कुठल्याच हिश्शात विचार नव्हता.

महाराष्ट्राने या इतिहासाकडे फार पूर्वी पाहिले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केले. त्या मुक्तीच्या युद्धाशी आपल्या काळ्या जमिनीचा आणखीही एक संबंध आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड, खानदेश आणि नागपूरच्या मुलखाकडे वळली. मुंबईत कापसावर सट्टा माजला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळला. पण वाट पडली ती पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पाठोपाठ खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठांना फाटे फुटले. रुळांच्या आगेमागे वाफेवर चालणारी जिने आणि गाठी बांधणारे दाबखाने उभे राहिले. सुट्या कापसाची गाडी समुद्रापार नेणे परवडत नव्हते. सरकी इथेच वेगळी करून रुईची गच्च गाठ पाठवायची, असा तो हिशेब होता.

कायद्याच्या उंबरठ्याबाहेर

जिन आले तेव्हा घरातले काम कारखान्यात गेले, पण काम करणारे हात पुष्कळसे तेच राहिले, स्त्रियांचे. फरक एवढाच की आता सरकी त्यांच्या घरी येईना आणि दिवस त्यांच्या हातात राहिना. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर माणसे कामाला लावणाऱ्या कारखान्यांपुरता होता, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते. जिनाचा हंगाम म्हणजे कापूस घरात येण्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचे मोजके महिने. थोडक्यात, ज्या उद्योगात दिवस-रात्र सर्वांत जास्त राबवले जात होते, त्यालाच कायद्याचे दार सहज चुकवता येत होते. १८८४-८५ मध्ये मुंबई इलाख्यात नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांच्या कामाच्या तासांबद्दल ज्या साक्षी झाल्या, त्यांत पहाटे कामावर येऊन रात्री उशिरा सुटणाऱ्या आणि हंगाम तेजीत असताना रात्रपाळीही करणाऱ्या बायकांचे वर्णन आहे. हंगामी कारखान्यांना कायद्याच्या व्याख्येत आणायला १९११ साल उजाडावे लागले. तीस वर्षे!

हे मी इतिहासाचे कुतूहल म्हणून सांगत नाही. व्याख्येच्या उंबरठ्यावर कामगाराला अडवण्याची युक्ती जुनी झालेली नाही. १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांची ठेवली होती. २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. जिनात आता कापूस वाहून नेणारे पट्टे आणि हवेचे नळ आले, माणसे कमी झाली. ती कंत्राटदाराच्या नावावर आली म्हणजे हजेरीपत्रकावर आणखी कमी दिसतात. माणसे कमी दिसली की संरक्षण जाते. उडणारी धूळ मात्र माणसे मोजून उडत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराची नोंद १९४८ च्या कायद्याने अनिवार्य केली होती. जिनांच्या किती हजेरीपत्रकांबरोबर ही नोंद ठेवली गेली, हे आपण प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात विचारून पाहावे. रुळाचे चामडे क्रोमियमने कमावलेले असते. पात्याशी घासून त्याची भुकटी होते, ती हवेत आणि रुईत जाते. क्रोमविरहित रूळ बनवण्याचे काम माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले आहे. म्हणजे उपाय ज्ञात आहे. प्रश्न खर्च कोणी करायचा एवढाच आहे.

सरकी परतली नाही

जिनापासून शेतापर्यंत परतीची एक वाट फार काळ उघडी होती. शेतकरी जिनातून किंवा बाजारातून सरकी घेई आणि पेरी. तीतही दोष होता. अनेकांचा कापूस एकत्र वटला की सरकी मिसळे आणि जाती बिघडत. सरकारने १९१७ मध्ये नेमलेल्या कापूस समितीपासून १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यापर्यंतच्या साऱ्या खटाटोपात ही भेसळ हा मोठा विषय होता. पण दोष दूर करणे वेगळे आणि वाट बंद करणे वेगळे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून संकरित-४ ही व्यापारी लागवडीची पहिली संकरित जात आली. संकरित पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरून तेच पीक येत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि तो आपल्याकडे आला तो मुख्यतः संकरित वाणांच्याच रूपाने. आज शेतकरी दर वर्षी पिशवीतले बियाणे विकत घेतो, आणि त्याच्या शेतात तयार झालेली साठ-बासष्ट टक्के सरकी तेलघाण्याकडे जाते. रुई गेली ती गेलीच, बीही गेले.

उताऱ्याचा प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. ही किंमत सरकीसहित कापसाची आहे. ती धाग्याची लांबी, जाडी आणि ओलावा यांकडे पाहते. त्या ढिगातून प्रत्यक्ष रुई किती निघाली इकडे पाहत नाही. एका शेतकऱ्याच्या कापसाचा उतारा तेहतीस टक्के आहे आणि दुसऱ्याचा छत्तीस, असे धरा. शंभर क्विंटलमागे तीन क्विंटल रुईचा, म्हणजे १७० किलोच्या हिशेबाने पावणेदोन गाठींचा फरक पडला. तेवढी सरकी कमी निघाली हे खरे. पण रुईचा किलोचा भाव सरकीच्या कितीतरी पट असतो. हा फरक कोणाच्या खिशात गेला? ज्याने चांगला वाण निवडला, वेळेवर पाणी दिले, स्वच्छ वेचणी केली, त्याच्या खिशात निश्चित नाही. उलट खरेदी करणारा उताऱ्याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधणारा स्वतःचे नुकसान होईल असा अंदाज कधीच बांधत नाही.

हे अपरिहार्य आहे काय? याच महाराष्ट्रात उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत साखरेच्या उताऱ्याशी जोडलेली आहे. सव्वादहा टक्के उतारा हा पाया आणि त्यापुढच्या प्रत्येक दशांशाला वाढीव रक्कम, हे ऊस उत्पादकाचे पोरही सांगेल. तो उतारा कारखान्याचा सरासरी असतो, त्याबद्दलही भांडणे आहेत. पण उतारा हा हिशेबाचा भाग आहे, हे तत्त्व मान्य झालेले आहे. दूध संकलन केंद्रावर दोन लिटर दूध घालणाऱ्या बाईच्या दुधाचे फॅट तपासले जाते आणि त्याप्रमाणे तिला पैसे मिळतात. मग कापूस उत्पादकानेच वजनावर समाधान का मानावे? ऊस आणि दूध यांच्या उत्पादकांनी कारखाना आणि डेअरी आपल्या सहकारी संस्थांच्या ताब्यात आणली, म्हणून त्यांना मोजमाप मागता आले. कापसाचे जिन बहुतांशी परक्याच्या हातात राहिले. फरक पिकाचा नाही, मालकीचा आहे.

आपल्या राज्याने एक मोठा प्रयोग करून पाहिला होता. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली आणि सुमारे तीस वर्षे चालली. सरकार कापूस घेई, जिनांतून सरकी काढून गाठी बांधून घेई, विकी, आणि विक्रीत वरकड उरली तर तिचा वाटा शेतकऱ्याला देई. शेतकऱ्याचा संबंध रुईच्या किमतीशी जोडण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. तिचा तोटा, तिच्यातली दिरंगाई आणि गैरव्यवहार यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. एक गोष्ट मात्र त्या चर्चेत सुटते. योजनेतही साऱ्यांचा कापूस एका ढिगात गेला आणि ढिगात गेल्यावर त्याचे नाव पुसले गेले. कोणाच्या कापसाने किती रुई दिली, हे शेतकऱ्याला कधी कळले नाही. मालकी सरकारची झाली, पण मोजमाप शेतकऱ्याचे झाले नाही. समाजवादी कार्यकर्त्याने या अनुभवातून शिकायचे ते हेच की हिशेबाची वही ज्याला वाचता येत नाही, त्याच्या नावावर केलेली मालकी ही कागदावरची मालकी असते.

आपण काय मागायचे

माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, खरेदी केंद्रावर उताऱ्याची चाचणी व्हावी. थोड्या कापसाचा नमुना घेऊन त्याची रुई आणि सरकी वेगळी करणारी लहान यंत्रे प्रयोगशाळांतून वापरात आहेतच. ढिगातला नमुना शेतकऱ्यादेखत घ्यावा, त्याच्यादेखत तोलावा आणि पावतीवर उताऱ्याचा आकडा लिहावा. आधारभूत किंमत एका ठरावीक उताऱ्याला जाहीर करून त्यावरील प्रत्येक टक्क्याला वाढ द्यावी. चाचणी प्रमाणित यंत्रावर झाली म्हणजे जिनातल्या झिजलेल्या रुळाची शिक्षा शेतकऱ्याला होणार नाही.

दुसरी, सरकीचा भाव पावतीवर वेगळा दाखवावा. क्विंटलभर कापसात रुई किती रुपयांची आणि सरकी किती रुपयांची, हे उत्पादकाला दिसले म्हणजे तेल आणि पेंड यांच्या तेजीत आपला वाटा किती, हे विचारायला त्याला तोंड फुटेल.

तिसरी, जिनातला कामगार, मग तो हंगामी असो वा कंत्राटी, दहापैकी असो वा विसांपैकी, त्याची हजेरी, त्याचे तास आणि त्याची छाती यांची तपासणी व्हावी. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनांच्या आधुनिकीकरणासाठी सरकारी मदत दिली गेली. फरशा पक्क्या झाल्या, यंत्रे बदलली, गाठी स्वच्छ झाल्या. गाठीला मिळालेली स्वच्छता कामगाराच्या श्वासाला मिळाली की नाही, हे पाहण्याची अट अशा मदतीला जोडली पाहिजे.

चौथी सूचना मालकीची. १९५२ च्या पचमढी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा विचार मांडला, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. दुहेरी रुळाचे जिन हे त्या विचाराचे फार चांगले उदाहरण आहे. त्याला प्रचंड भांडवल लागत नाही. एक-दोन यंत्रांचा गाळाही चालतो. ते आपल्याच नागपुरात बनते. त्याचा रूळ गावातला कारागीर दुरुस्त करू शकतो. आणि लांब धाग्याला ते करवतीपेक्षा अधिक मानवते. गाठी बांधण्याचा दाबखाना महाग असतो, तो अनेक गावांनी मिळून उभारावा. पण सरकी काढण्याचे काम उत्पादकांच्या गटाकडे राहिले तर सरकी गावात राहील, पेंड गोठ्यात राहील, सरळ वाणाचे शुद्ध बियाणे गावाला राखता येईल, आणि शेतकरी बाजारात जाईल तो कापूस घेऊन नव्हे तर रुई घेऊन. आपल्याकडच्या अनेक सहकारी जिनांना टाळे लागले आहे. ती का बुडाली याचा तालुकावार अभ्यास हे आपल्यापैकी तरुणांनी अंगावर घ्यावयाचे काम आहे. संचालकांच्या गैरकारभाराने बुडाली, भांडवलाअभावी बुडाली की उत्पादकांनीच पाठ फिरवली म्हणून बुडाली, हे कळल्यावाचून नवे जिन उभारणे म्हणजे जुन्याच खड्ड्यात नवा खांब रोवणे होय.

साथींनो, रुळाचे काम तंतूला ओढण्याचे आणि पात्याचे काम बियाला अडवण्याचे. ते आपले काम इमानाने करतात. त्यांना जात नाही, वर्ग नाही. वेगळे झालेले दोन ढीग कोणाच्या काट्यावर जातात, हा माणसांमाणसांतला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माणसांनीच द्यावयाचे आहे. येत्या हंगामात आपण प्रत्येकाने आपापल्या भागातल्या एका तरी जिनात जावे. रूळ पाहावा, पात्यातले अंतर विचारावे, उताऱ्याची वही मागावी आणि कापूस टाकणाऱ्या मजुराला त्याचे तास विचारावेत. वही दाखवली तर ती शेतकऱ्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचावी. दाखवली नाही तर, ती का दाखवत नाहीत, हाच आपल्या पुढच्या मोर्चाचा विषय असेल.